स्वतःचे छोटे विमान घ्यावे का? नागपूरकरांसाठी निर्णयाची रीत

या प्रश्नाचे उत्तर विमानाच्या किमतीपेक्षा ते आपण वर्षाला किती तास उडवणार यावर अवलंबून असते. म्हणून विक्रेत्याशी बोलण्याआधी वही उघडावी.

मागील बारा महिन्यांत नागपूरबाहेर केलेले सर्व प्रवास तारखांसह लिहावेत आणि त्यांतून रात्रीचे, तसेच भर पावसाळ्यातले वगळावेत. सेस्ना 172 सारखे चार आसनांचे विमान डोळ्यांच्या भरवशावर चालवणाऱ्या हौशी वैमानिकाला अंधारात आणि ढगांत जाता येत नाही. उरलेल्या प्रवासांचा वेळ घराच्या दारापासून मोजावा. ताशी सुमारे 220 किलोमीटर वेगाने गोंदिया पाऊण तासाच्या आत येते, परंतु सोनेगाव विमानतळावर पोहोचणे, विमानाची तपासणी, उड्डाणाची परवानगी आणि गोंदियाच्या बिरसी विमानतळाहून शहरात जाणे हे मिळवले, की मोटारीपेक्षा फारसा वेळ वाचत नाही.

पुढे खर्च दोन रकान्यांत मांडावा. हँगर, विमा आणि उड्डाणयोग्यतेची वार्षिक तपासणी यांचा खर्च विमान जागचे हलले नाही तरी होतोच. इंधन ताशी 30 ते 35 लिटर लागते आणि तेही एव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचे खास पेट्रोल. प्रवासी विमानांचे इंधन या इंजिनाला चालत नाही, त्यामुळे पुरवठ्याची खात्री आधीच करून घ्यावी.

सर्वांत अधिक विचार इंजिनाचा करावा. या विमानांतील लायकमिंग इंजिनाची पूर्ण दुरुस्ती साधारणतः 2,000 तासांनी किंवा 12 वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, करावी असे उत्पादक सुचवतात. वर्षाला 50 तास उडणाऱ्याचे 12 वर्षांत केवळ 600 तास भरतात, म्हणजे तो न वापरलेल्या 1,400 तासांचेही मोल भरतो. शिवाय उभे राहिलेले इंजिन आतून गंजते, ते वेगळेच.

मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की नागपूरची हवा विरळ होऊन विमान जवळजवळ 5,000 फूट उंचीवरील धावपट्टीवरून उडाल्यासारखे वागते. अशा वेळी चारही आसने भरून निघण्याचा विचार करू नये. कुटुंबासाठी विमान घेणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे.

खासगी नोंदणीच्या विमानातून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, त्यामुळे तसे उत्पन्न हिशेबात धरू नये.

आता वार्षिक खर्चाला तासांनी भागून येणारा आकडा फ्लाइंग क्लबच्या ताशी दराशेजारी ठेवावा. माझ्या मते वर्षाला 100 तासांहून कमी उडणाऱ्याने क्लबचे विमान वापरावे किंवा तिघाचौघांत मिळून एक घ्यावे. खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान 40 तासांचे उड्डाण लागतेच. नोकरी-व्यवसाय सांभाळून ते किती महिन्यांत पूर्ण झाले, हे त्याच वहीत लिहावे आणि मगच विक्रेत्याला फोन करावा.