पिस्तूल काढताना अडतंय? आधी होल्स्टर बघा

दर वेळी पिस्तूल काढताना ग्रिप (पिस्तुलाची मूठ) अर्धवटच हातात येते आणि आपण समजतो की हात बसला नाही अजून, म्हणून आणखी प्रॅक्टिस करत राहतो. पण बऱ्याचदा हाताची चूक नसतेच हो, होल्स्टर, म्हणजे कमरेच्या बेल्टवर पिस्तूल ठेवायचं म्यान, चुकीच्या जागी असतं, आणि तसंच घोटत राहिलं की ती वाकडी सवयच अंगात मुरते.

काहीही करायच्या आधी पिस्तूल रिकामं करा. मॅगझीन (गोळ्यांची पेटी) बाहेर, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघा, बोट घालूनपण बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. मध्ये फोन घ्यायला उठलात तरी परत आल्यावर हे सगळं पुन्हा करायचं, यात कंटाळा नको.

पहिलं बेल्टकडे बघा. साधा मऊ बेल्ट असेल तर पिस्तूल ओढलं की होल्स्टरपण सोबत वर येतं, मग बाकी काहीही ॲडजस्ट करा, उपयोग नाही. कडक बेल्ट घ्या, आणि होल्स्टरचे लूप बेल्टच्याच रुंदीचे हवेत, दीड इंची बेल्टवर पावणेदोन इंची लूप लावलात तर ते पुढेमागे सरकत राहणार.

मग उंची, माझ्या मते खरा फरक इथेच पडतो. पिस्तूल होल्स्टरमध्येच असू द्या, बोट ट्रिगरपासून लांब सरळ, आणि नुसती ग्रिप पकडा, अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या मागे अगदी वरपर्यंत टेकली पाहिजे आणि मधलं बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) खाली चिकटलं पाहिजे. पेरं बेल्टवर घासत असतील तर होल्स्टर एक भोक वर घ्या. उलट कोपर पार काखेपर्यंत उचलावं लागत असेल किंवा ग्रिप अंगापासून बाहेर कलंडत असेल तर खाली.

होल्स्टरचा तिरकेपणा मनगटावरून ठरवायचा. होल्स्टर अगदी बाजूला असेल तर सरळच ठेवून बघा, थोडं मागे कंबरेच्या हाडापलीकडे असेल तर ग्रिप 10 ते 15 अंश पुढे झुकवा, पकडताना मनगट मुडपलं नाही म्हणजे जमलं. आयपीएससी (प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) मॅच खेळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की आरामात उभं असताना नळीचा रोख पायांपासून 1 मीटरच्या बाहेर गेलेला चालत नाही.

कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर असेल तर घट्टपणाचा स्क्रू असतो, त्याखाली रबरी वॉशर. रिकामं पिस्तूल घालून होल्स्टर गादीवर उलटं धरा आणि हलवा, पडलं तर पाव वळसा घट्ट, काढताना झटका द्यावा लागला तर पाव वळसा सैल, एकदम पूर्ण वळसा नको. पण किती घट्ट-सैल केलं तरी ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलेलंच राहिलं पाहिजे, ते उघडं पडत असेल तर ते होल्स्टर वापरूच नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि रोजच्याच कपड्यांत, सावकाश दहा-पंधरा वेळा काढून बघा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. परत ठेवताना शर्टाचं टोक आत जात नाहीये ना ते बघत, हळू ठेवा. सेटिंग जमलं की स्क्रू आणि होल्स्टरवर मिळून मार्करने एक रेघ मारा, रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.