कचरा देताना समोरचा हात आठवावा

गेल्या वर्षी भांडी घासताना काचेचा ग्लास फुटला. तुकडे सरळ सुक्या कचऱ्यात टाकणार होते, तेवढ्यात कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी डोळ्यांसमोर आल्या. त्या डबा उलटा करून हातानेच वर्गवारी करतात. हातमोजे असले तरी काच आरपार जाते.

तेव्हापासून सिंकखालच्या कप्प्यात जुनी वर्तमानपत्रं, सुतळीचा गुंडा आणि लाल मार्कर कायम असतो. मोठे तुकडे झाडूने सुपलीत घ्यायचे, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपायचा, सगळं चार-पाच पदरी कागदात गुंडाळून सुतळीने घट्ट आवळायचं आणि वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहायचं. दाढीची ब्लेडं आणि मोडक्या सुया पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात. डबा भरला की चिकटपट्टी लावून द्यावा.

सॅनिटरी पॅड, डायपरही कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही ते नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. पुण्यात अशा पुडीवर लाल ठिपका काढतात. पुडी न उघडताच आत काय आहे ते कळतं. किती साधी गोष्ट, आणि केवढा मान राखणारी!

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता राहू द्या. तो इवलासा तुकडा पुन्हा कुणालाच वेचता येत नाही. रिकामी पिशवी विसळून वाळवली की वासही येत नाही.

उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या मी दाराशीच भरून ठेवते. मावशींना मागावं लागत नाही.