पाळी चुकण्याआधीपासून प्रसूतीपर्यंत : निरोगी गरोदरपणाची काळजी कशी घ्यावी

गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी बाळाचे हृदय आकुंचन पावू लागते, आणि ज्या नळीपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात ती मज्जानलिका अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. त्या वेळी आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळ जणींनी साधी घरगुती चाचणीही केलेली नसते. आठवा आठवडा संपेपर्यंत हातपाय, डोळे, कान, मूत्रपिंडे अशा बहुतेक अवयवांचा पाया घातला जातो. नंतरचे महिने मुख्यतः वाढीचे असतात. म्हणूनच ‘तिसरा संपू दे, मग दवाखान्यात नाव नोंदवू’ हा आपल्याकडचा रिवाज मला फार खटकतो. नागपूर आणि आसपासच्या कुटुंबांसाठी काळजीचा हा क्रम त्यामुळे गर्भधारणेच्या आधीपासून मांडला आहे.

मूल हवे असे ठरले की

फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी, शक्यतो तीन महिने आधी आणि निदान एक महिना आधी, व ती बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यावी. मज्जानलिका नीट न मिटल्याने होणारे पाठीच्या कण्याचे व कवटीचे दोष यामुळे बऱ्याच प्रमाणात टळतात. पाळी चुकल्यावर धावपळ करून सुरू केलेली गोळी अनेकदा उशिराची ठरते. पूर्वीच्या बाळात असा दोष होता, किंवा आईला मधुमेह, फिट्स अथवा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर मात्रा वाढवावी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. याच काळात हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. रुबेलाची लस राहिली असेल तर ती आताच घ्यावी, कारण गरोदरपणात ती देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. फिट्सच्या, रक्तदाबाच्या किंवा मुरुमांच्या काही गोळ्या गर्भाला बाधतात. पण फिट्सची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे असते. म्हणून नियमित चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवून बदल आधीच करून घ्यावेत.

विदर्भात यापुढची पायरी कोणीही वगळू नये, ती म्हणजे पती-पत्नी दोघांचीही सिकलसेल तपासणी. प्राथमिक चाचणी अगदी साधी असते. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात मिसळतात आणि नळीच्या मागे रेघा आखलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी नकारात्मक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन असल्याचा संशय घ्यायचा. मात्र ती व्यक्ती वाहक (आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेली) आहे की रुग्ण (दोघांकडून आलेली), हे या नळीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी करावी लागते, आणि एचपीएलसीमध्ये थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहकही सापडतात, हा तिचा मोठा फायदा आहे. वाहक व्यक्ती आयुष्यभर ठणठणीत असू शकते, त्यामुळे ‘आमच्या घरात हा आजार कोणालाच नाही’ या भरवशावर राहू नये.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्हीतून मुक्त असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब दर वेळी नव्याने लागू होतो. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. बाळाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांदरम्यान वारेचा सूक्ष्म अंश घेऊन किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन करता येते, पण त्यासाठी आईवडिलांचे अहवाल आधीच हातात असायला हवेत. चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिली तपासणी झाली की समुपदेशनाला, विचाराला आणि निर्णयाला वेळच उरत नाही. स्त्री स्वतः सिकलसेलची रुग्ण असेल तर तिचे गरोदरपण जोखमीचे समजून सुरुवातीपासून मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली राहावे. पती-पत्नीपैकी कोणी हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे औषध घेत असेल तर गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांशी बोलावे.

पाळी चुकल्यावर

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवावा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजित तारीख मिळते. १ जानेवारीला पाळी आली असेल तर ती ८ ऑक्टोबर येते. चोरओटी होईपर्यंत बातमी बाहेर फोडायची नाही, ही अनेक घरांची रीत आहे आणि नातेवाइकांपुरती ती पाळायला काहीच हरकत नाही. आशाताईंना आणि डॉक्टरांना मात्र पहिल्याच आठवड्यात सांगावे. जवळचे नागरी आरोग्य केंद्र, डागा स्मृती स्त्री रुग्णालय किंवा आपला नेहमीचा दवाखाना, कुठेही नोंद करून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही, कावीळ-बी आणि सिफिलिस या तपासण्या लगेच होतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल त्याच वेळी विचारून ठेवावे.

खर्ऱ्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा हा ऐवज आपल्याकडे बायकांच्याही तोंडात असतो आणि मळमळ दबते म्हणून गरोदरपणातही चालू राहतो. तंबाखूतील निकोटिनमुळे वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आकसतात, बाळाला रक्त कमी पोहोचते, वजन कमी भरते आणि अकाली प्रसूतीचा व मृत जन्माचा धोका वाढतो. सुपारीही निर्दोष नाही. घरातल्या पुरुषांनी बिडी-सिगारेट घराबाहेर ठेवावी, आणि मद्याचे कोणतेही सुरक्षित प्रमाण नाही हे लक्षात ठेवावे.

आहार, गोळ्या आणि नागपूरचे ऊन

दोन जिवांसाठी दुप्पट खाण्याची गरज नसते, तसेच बाळ मोठे होऊन प्रसूती अडेल या भीतीने पोट मारणेही चुकीचे आहे. वरण, उसळ, ज्वारीची भाकरी, हिरवी भाजी, जवसाची चटणी, दूध किंवा दही, चालत असेल त्या घरी अंडी व मासे, हे रोजचेच जेवण पुरेसे आहे. दुसऱ्या तिमाहीपासून त्यात एखादी पौष्टिक न्याहारी वाढवावी. पिकलेली पपई खाल्ल्याने गर्भ पडत नाही; कच्च्या पपईचा चीक मात्र टाळावा. ग्रहणात गरोदर स्त्रीला उपाशी, न हलता बसवून ठेवण्याला शास्त्राचा काहीही आधार नाही, उलट मे-जूनच्या उकाड्यात त्याने तिला घेरी येते.

चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक लोहाची लाल गोळी घ्यायची असते. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाण्यासोबत किंवा संत्र्यासोबत घेतली तर चांगले शोषले जाते. शौच काळे होते म्हणून घाबरून गोळी सोडू नये. मळमळ होत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले तर तो गंभीर समजून तातडीने रुग्णालयात जावे.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अंगातले पाणी कमी झाले की मूत्रमार्गाचा संसर्ग आणि अवेळी कळा, दोन्ही बळावतात. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, मठ्ठा, पन्हे प्यावे, आणि लघवी गडद पिवळी दिसली तर पिणे वाढवावे. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. पावसाळ्यात मच्छरदाणी लावावी.

तपासण्यांचे वेळापत्रक

एक सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांत आणि व्यंग शोधणारी १८ ते २० आठवड्यांत करावी. गर्भलिंगाची विचारणा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहतात. ती १४० किंवा त्याहून जास्त असेल तर गरोदरपणातील मधुमेह समजून उपचार सुरू होतात. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते.

माहेरी जाताना कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, सिकलसेलचा निकाल आणि रक्तगट एकाच फाइलमध्ये सोबत न्यावेत आणि तिथल्या आशाताईंकडे पोहोचताच नाव द्यावे. प्रसूती कोणत्या रुग्णालयात होणार, गाडी कोणाची, रक्त लागले तर देणारे कोण, हे आठव्या महिन्यातच ठरलेले असावे.

रक्तस्राव, पाणी जाणे, ताप, फिट, डोके सतत ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा सुजणे, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. लगेच १०२ किंवा १०८ वर फोन करावा आणि फाइल हाताशी घेऊन गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर पडून राहावे.