डॅमेज मीटर वाचायचा कसा, आणि तो गेममध्येच का असायला हवा

बॉसचं हेल्थ २ टक्क्यांवर असताना वाइप झाला, म्हणजे अख्खा ग्रुप मेला, की पुढच्या दहा सेकंदांत काय होतं ते ऑनलाइन गेममध्ये रेड करणाऱ्यांना, म्हणजे ग्रुपने मिळून मोठे बॉस मारणाऱ्यांना, वेगळं सांगायला नको. कोणीतरी मीटर, म्हणजे कोणी किती डॅमेज केला त्याची यादी, उघडतो, ती अख्खी चॅटमध्ये टाकतो आणि मग सगळ्यात खालच्या नावावर सगळे तुटून पडतात. मी बरीच वर्षं रेड लीड केलीय आणि हे मीपण केलंय. एकदा ग्रुपमधल्या रोग क्लास खेळणाऱ्याला सगळ्यांसमोर सुनावलं की अरे तुझा डॅमेज टँकच्या (बॉसचा मार झेलणाऱ्याच्या) जेमतेम वर आहे, काय करतोयस तू, आणि तो एक शब्द न बोलता निघून गेला. रात्री लॉग (फाइटची नोंद) उघडून बसलो तेव्हा दिसलं की त्या पुलमध्ये (बॉसवरच्या त्या एका प्रयत्नात) किक करायचे, म्हणजे मध्येच तोडायचे, शत्रूचे ११ कास्ट होते त्यातले ९ त्याने एकट्याने किक केले होते, दर वेळी बॉस सोडून लांबच्या ॲडकडे (बॉससोबत येणाऱ्या छोट्या शत्रूकडे) पळायचं आणि परत यायचं, आणि त्यामुळेच बाकीचे एका जागी उभे राहून मोठे आकडे काढत होते. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली. तेव्हापासून मीटर कसा वाचायचा हे मी नव्या लोकांना आधी शिकवतो, रोटेशन (बटणं दाबायचा क्रम) नंतर.

तर हे त्याचंच गाइड आहे, आणि सोबत माझं मतही, की मीटर गेममध्येच दिलेला असावा.

आधी तुमच्या गेममध्ये काय चालतं ते बघून घ्या, कारण प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ ला आला आणि तेव्हापासून लोक रीकाउंट, स्काडा, डीटेल्स अशा ॲडऑनवरच (खेळाडूंनी बनवलेल्या जोड-प्रोग्रॅमवरच) भागवत आलेत. ब्लिझार्डने २०२५ मध्ये सांगितलं की मिडनाइट एक्सपान्शनपासून लढाईतली माहिती वाचणाऱ्या ॲडऑनवर बंधनं येणार आणि गेमचा स्वतःचा मीटर मिळणार, म्हणजे वीस वर्षांनी का होईना पण गोष्ट योग्य जागी आली. गिल्ड वॉर्स २ मध्ये आर्कडीपीएस हा बाहेरचा मीटर उघडपणे वापरतात, अरीनानेटने त्याला हरकत घेतलेली नाही. फायनल फँटसी १४ मध्ये मात्र बाहेरची टूल्स नियमांनुसार बंदच आहेत, लोक वापरतात तो भाग वेगळा, पण गेममध्ये दुसऱ्याला त्याचा आकडा सांगितलात तर रिपोर्ट होऊन अकाउंटवर कारवाई होऊ शकते. तिथे स्टोन स्काय सी म्हणून गेमचीच सोय आहे, ठरलेल्या वेळेत डमी फोडायचा, फुटला तर त्या बॉससाठी तुमचा डॅमेज पुरेसा आहे. अधिकृत आहे, सुरक्षित आहे, नवीन असाल तर तिथूनच सुरुवात करा.

आता मीटर उघडला समजा. वरून खाली नावं वाचत सुटू नका. पहिलं फक्त स्वतःचं नाव शोधा आणि तो आकडा कशाने भागून आलाय ते बघा, नव्वद टक्के भांडणं इथेच सुरू होतात असं माझं मत आहे.

साधं उदाहरण घेऊ. फाइट ३०० सेकंदांची. तुम्ही शेवटपर्यंत जिवंत राहिलात आणि एकूण ३ कोटी डॅमेज केला, म्हणजे १ लाख डीपीएस (दर सेकंदाचा डॅमेज). तुमचा दोस्त २०० व्या सेकंदाला मेला, तोपर्यंत त्याचा डॅमेज झाला होता २ कोटी ४० लाख. आता मीटर जर फक्त खेळलेल्या वेळेने भागत असेल तर त्याचा डीपीएस दिसणार १ लाख २० हजार आणि तो यादीत तुमच्या वर. तोच मीटर जर पूर्ण फाइटच्या वेळेने भागत असेल तर त्याचे होतात ८० हजार आणि तो खाली. माणूस तोच, डॅमेज तोच, फक्त भागाकार वेगळा. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण फाइटचा वेळ निवडा, आणि दोन मीटरचे आकडे जुळत नसले की कोण खोटं बोलतंय यावरून वाद घालण्याआधी ही सेटिंग बघा.

दुसरं बघायचं ते ॲक्टिव्ह टाइम, म्हणजे फाइटमधला किती वेळ तुम्ही खरंच काही दाबत होतात. मला विचाराल तर डीपीएसच्या आकड्यापेक्षा हाच जास्त महत्त्वाचा, आणि याच्याकडे कोणी बघत नाही. फायनल फँटसी १४ मध्ये बेस ग्लोबल कूलडाऊन (एका मुख्य कास्टपासून पुढच्यापर्यंतचा वेळ) २.५ सेकंद असतो, म्हणजे ३०० सेकंदांत साधारण १२० मुख्य कास्ट बसतात. लॉगमध्ये तुमचे ९६ निघाले तर २४ कास्ट गेले कुठे? पळताना गेले, बॉसच्या मेकॅनिककडे (त्याच्या खास चालीकडे) बघत थांबलात तेव्हा गेले, पुढचं बटण कुठलं या विचारात गेले. म्हणजे २० टक्के वेळ तुम्ही काहीच दाबलं नाही. अशा वेळी नवीन गिअर (शस्त्रं, चिलखत) शोधत बसण्यात किंवा कोणाचं परफेक्ट रोटेशन कॉपी करण्यात काही अर्थ नाही, पहिल्यांदा बटण दाबत राहायची सवय लावा, आकडा आपोआप वर येतो. नवीन माणसाला मी हे एवढंच सांगतो आणि दोन आठवड्यांत फरक दिसतो.

तिसरं म्हणजे डॅमेज कशावर गेला. एकूण डॅमेजवर क्लिक करा आणि टार्गेटप्रमाणे वाटणी बघा. दहा छोटे ॲड आले, ते तसेही चार सेकंदांत मरणार होते, त्यांच्यावर मोठा एओई (एकदम अनेकांना लागणारा हल्ला) टाकला की आकडा फुगतो, त्याला पॅडिंग म्हणतात. बॉसवर त्याचा ओरखडासुद्धा पडत नाही. उलट कधीकधी ते ॲडच जीवघेणे असतात आणि ते मारणं हेच खरं काम असतं, तेव्हा तोच एओई अगदी बरोबर. आता यातलं काय खरं ते मीटर सांगत नाही, फाइट माहीत असेल तरच कळतं.

आणि हो, फाइट किती वेळ चालली तेपण बघा, सुरुवातीला सगळ्यांचे कूलडाऊन (एकदा वापरले की बराच वेळ थांबावं लागतं असे मोठे हल्ले) तयार असतात म्हणून ४० सेकंदांत वाइप झालेल्या पुलमध्ये सगळेच हिरो दिसतात. तुलना करायची तर सारख्या लांबीच्या पुलची करा.

हीलर मंडळींनी तर यादीतल्या नंबराचा त्रास करूनच घेऊ नये. डॅमेज कितीही मारता येतो कारण बॉसचं हेल्थ प्रचंड असतं, पण हीलिंग मात्र जेवढा मार पडला तेवढंच होऊ शकतं. ग्रुप नीट खेळला, आगीत कोणी उभं राहिलं नाही, तर हीलरचा आकडा पडणारच, आणि ही चांगली बातमी आहे. दोन हीलरपैकी ज्याचा हील आधी पोचतो त्याचा आकडा मोठा, दुसऱ्याचा सगळा ओव्हरहीलमध्ये (वाया गेलेल्या हीलमध्ये) जमा. त्यामुळे हीलरचं मोजायचंच असेल तर कोण कधी मेलं आणि तेव्हा मोठे कूलडाऊन वापरले होते की शिल्लक होते ते बघा, बास.

सपोर्ट क्लासचं दुखणं अजून वेगळं. २०२३ मध्ये वॉरक्राफ्टच्या १०.१.५ पॅचमध्ये ऑगमेंटेशन इव्होकर आला, त्याचं कामच दुसऱ्यांची ताकद वाढवणं. त्याच्या बफमुळे (दुसऱ्याला दिलेल्या त्या ताकदीमुळे) वाढलेला डॅमेज दिसायचा दुसऱ्याच्या नावावर, आणि मीटरमध्ये हा बिचारा खाली. मग कॉम्बॅट लॉगमध्येच वेगळी नोंद द्यावी लागली तेव्हा कुठे हिशोब लागायला लागला. मीटर गेममध्येच हवा असं मी जे म्हणतो त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कोणाचा बफ कोणाच्या कास्टवर किती लागला, पेटचा (पाळीव साथीदाराचा) डॅमेज कोणाचा, शील्डने किती शोषलं, हे सगळं सर्व्हरला नेमकं माहीत असतं. बाहेरचं टूल जेवढं लॉगमध्ये लिहून येतं त्याच्यावरच चालतं आणि उरलेलं अंदाजाने भरतं. मग ज्याच्याकडे पक्का हिशोब आहे त्यानेच तो दाखवावा ना.

मीटरमुळे टॉक्सिक वातावरण होतं असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं, वर सांगितलेला प्रसंग माझाच आहे. पण मीटर न दिल्याने ते थांबत नाही. उलट ज्याच्याकडे पीसी आणि टूल आहे तो गुपचूप बघतो, कन्सोलवाल्याला स्वतःचा आकडासुद्धा माहीत नसतो, त्याला ग्रुपमधून का काढलं तेही कळत नाही. अर्धवट माहितीने तर जास्तच घोळ होतो. ओव्हरवॉच २०१६ ला आला तेव्हा स्कोअरबोर्ड नव्हता, फक्त मेडल मिळायची, तर हरणाऱ्या टीममधला एखादा माझं डॅमेजमध्ये गोल्ड आहे म्हणून सगळ्यांना बोलायचा, पण त्या गोल्डचा अर्थ एवढाच की बाकीच्या पाच जणांचा त्याच्याहून कमी होता, सगळ्यांचाच वाईट असू शकतो. २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ सोबत पूर्ण स्कोअरबोर्ड आला. भांडणं बंद झाली असं नाही, पण निदान सगळे एकच पान बघून भांडतात.

तुम्ही लीडर असाल तर माझी पद्धत सांगतो. वाइप झाल्यावर मीटर सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी डेथ लॉग, पहिला कोण मेला आणि कशाने. कारण पहिल्या मरणानंतर पुढचं सगळं त्याचंच ओझं असतं, एक डीपीएसवाला (डॅमेज करणारा) ६० व्या सेकंदाला पडला तर त्याचा पुढचा अख्खा डॅमेज गेला, ते कोणाचंही रोटेशन सुधारून भरून निघत नाही. मग इंटरप्ट (म्हणजेच किक) आणि डिस्पेल (साथीदारांवर लागलेले वाईट परिणाम काढणं). मग टाळता येण्यासारखा किती मार खाल्ला. एवढं सगळं ठीक असेल आणि तरीही बॉस एन्रेजला जात असेल (वेळ संपून सगळ्यांना मारून टाकत असेल) तरच डीपीएसची यादी. आणि कोणाचा आकडा खरंच कमी असेल तर त्याला प्रायव्हेट मेसेज, तोपण प्रश्न म्हणून. "तुझा दुसरा बर्स्ट ४० सेकंद उशिरा गेला, ॲड येणार म्हणून ठेवला होता का?" असं विचारलं की माणूस खरं सांगतो. त्याच्याकडे कारण असेल तर तुम्हाला कळतं, नसेल तर त्याला कळतं. चॅटमध्ये यादी पेस्ट करायची नाही, मी तर माझ्या ग्रुपमध्ये तसा नियमच केलाय.

आणि तुमच्या गेममध्ये अजून मीटर नसेल तर डेव्हलपरना फीडबॅक पाठवा, पण नुसतं "मीटर द्या" लिहू नका, कसा हवा ते लिहा. मी जे लिहून पाठवतो ते असं: फाइट चालू असताना प्रत्येकाला फक्त स्वतःचा आकडा दिसावा. बाकीच्यांचे आकडे फाइट संपल्यावर, आणि तेही अवघड कंटेंटमध्येच, रोजच्या सोप्या डंजनमध्ये दुसऱ्याचं काही दिसायची गरज नाही, तिथे कोणी नवीन शिकतंय, कोणी दमून आलंय. डीपीएसच्या बाजूलाच त्याच आकाराच्या अक्षरांत इंटरप्ट, डिस्पेल, मृत्यू आणि बफमधून दुसऱ्यांना दिलेला डॅमेज. यादी चॅटमध्ये टाकायचं बटण नको. डमीसमोर उभं राहिल्यावर तुमच्या गिअरला साधारण किती जमायला हवं ते गेमनेच सांगावं. आणि वेळेने भागायची पद्धत एकच ठेवावी, सगळ्यांना सारखी.