प्रार्थनेत ‘येशूच्या नावाने’ म्हणताना

एखाद्याच्या नावाने मागायचे, तर त्याचा अधिकार आणि त्याची इच्छा दोन्ही पाठीशी हवीत. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात (14:13) असे मागण्याचा हेतूही सांगितला आहे: पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, ठायी पित्याचे गौरव व्हावे.

म्हणून मागण्याने सुरुवात करू नका. आधी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी हाक मारा आणि दोन-तीन श्वास थांबा. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही आधी देवाचे नाव पवित्र मानले जाण्याची विनंती आहे, रोजची भाकर नंतर येते. मग एकच मागणे साध्या शब्दांत मांडा आणि स्वतःला विचारा, हे येशूने पित्यापुढे ठेवले असते का? शेजाऱ्याचे वाईट व्हावे असली मागणी इथेच गळून पडते. शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ सावकाश म्हणा. घाईत हेच शब्द तोंडातल्या तोंडात विरतात.

नाव मंत्रासारखे वापरू नका. इफिस शहरात स्कवा नावाच्या यहुदी मुख्य याजकाच्या सात मुलांनी भुते काढायला ते वापरले आणि घायाळ होऊन उघडेनागडे पळाले (प्रेषितांची कृत्ये 19:13-16). नाव बरोबर होते, पण येशूशी नाते नव्हते.

‘येशूच्या नावाने’ हे शब्द कधी म्हणायचे राहूनच गेले, तर घाबरू नका. खुद्द प्रभूच्या प्रार्थनेत ते नाहीत.