रशियन मुलीच्या नावाचे मूळ कसे शोधावे: ‘स्वेतलाना’च्या निमित्ताने

रशियन मुलीच्या नावाचा अर्थ शोधताना कानावर पडलेल्या रूपावर विसंबून राहू नये, कारण घरात आणि मित्रमंडळीत वापरले जाते ते बहुधा लघुरूप असते. तान्या म्हणजे तात्याना, नास्त्या म्हणजे अनास्तासिया. साशा तर मुलगीही असू शकते आणि मुलगाही. म्हणून प्रथम कागदोपत्री असलेले पूर्ण नाव मिळवावे. त्यापुढचे ‘ओव्ना’ किंवा ‘येव्ना’ने संपणारे नाव वडिलांच्या नावावरून आलेले असते, आपल्याकडच्या मधल्या नावासारखे, ते या शोधातून वगळावे.

त्यानंतर हे नाव ऑर्थोडॉक्स चर्चच्या संतांच्या दिनदर्शिकेत आहे का, ते पाहावे. इ.स. 988 मध्ये कीवचा राजा व्लादिमिर याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर बाप्तिस्म्याची नावे बायझंटाइन (ग्रीकभाषक पूर्व रोमन साम्राज्याच्या) परंपरेतून येऊ लागली, त्यामुळे अशा बहुतेक नावांचे मूळ ग्रीक, लॅटिन किंवा हिब्रू निघते. वेरा, नादेझ्दा आणि ल्युबोव (श्रद्धा, आशा, प्रेम) ही नावे मात्र चकवतात. शब्द अस्सल स्लाव्ह असले, तरी ती तीन संत बहिणींच्या ग्रीक नावांची भाषांतरे आहेत. गंमत अशी, की त्या तिघींच्या आईचे सोफिया हे नाव भाषांतराविना तसेच राहिले.

स्वेतलाना या चाळणीतून निसटते, आणि तेच तिचे वैशिष्ट्य आहे. दिनदर्शिकेत नाव सापडले नाही, तर साहित्याकडे वळावे. हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कवी वोस्तोकोव यांच्या काव्यात आले आणि वसिली झुकोव्स्की यांच्या 1813 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्वेतलाना’ या कथाकाव्यामुळे घरोघरी पोहोचले. तरीही संताचे नाव नसल्याने बाप्तिस्म्यात ते चालत नसे. सोव्हिएत काळात जन्मनोंद चर्चच्या हातून सरकारी कचेरीत गेल्यावर ते मोकळेपणाने ठेवले जाऊ लागले. 1926 मध्ये जन्मलेल्या स्तालिनच्या मुलीचे नावही हेच होते. चर्चमध्ये स्वेतलानाला आजही फोतिनिया या नावाने बाप्तिस्मा देण्याची प्रथा आहे, कारण ग्रीक ‘फोस’ आणि रशियन ‘स्वेत’ या दोन्हींचा अर्थ प्रकाश असाच आहे.

मराठी वाचकाला येथे ‘श्वेता’ आठवणे स्वाभाविक आहे. ‘स्वेत’ आणि संस्कृत ‘श्वेत’ यांचे नाते खरे असून दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय धातूपासून आले आहेत. परंतु स्वेतलाना हे नाव संस्कृतातून घेतलेले नाही, आणि त्याचा अर्थ ‘पांढरी’ असा न देता ‘उजळ’ किंवा ‘तेजस्वी’ असाच द्यावा.