निकाल लांबला तर: प्रभूची वाट पाहायला कसं शिकावं

वाट पाहणं म्हणजे हात जोडून बसणं, अशी समजूत असेल तर पहिल्या आठवड्यातच धीर सुटतो. इंदूरच्या भंवरकुआंला कोचिंग करून लोकसेवा आयोगाच्या निकालासाठी ताटकळलेली मुलं असोत की सोयरिकीच्या निरोपाकडे डोळे लावून बसलेलं घर, सुरुवात एका वहीने करा.

पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातातलं लिहा: उत्तरतालिकेवर हरकत घ्यायची मुदत, मुलाखतीची तयारी, डॉक्टरांकडे पुन्हा जाणं. उजवीकडे आपल्या हातात नसलेलं: निकालाची तारीख, समोरच्यांचा होकार. डावीकडचं काम टाळून ‘प्रभू बघून घेईल’ म्हणणं हा विश्वास नव्हे, टाळाटाळ आहे. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात बाबेलात कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना ७० वर्षांची मुदत कळते, पण त्याआधी त्यांना घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, असं सांगितलेलं आहे.

उजवी बाजू प्रार्थनेची. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी १५ मिनिटं पुरतात. आधी १३वं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा येतो. देवाला असं विचारणं उद्धटपणा वाटत असेल, तर ते त्याच्याच शास्त्रात आहे हे लक्षात घ्या. मग उजवीकडची एकेक ओळ वाचून देवापुढे ठेवा. शेवटची पाच मिनिटं काही मागू नका, गप्प बसा. इंदूरला रविवारची उपासना हिंदीत होत असली, तरी ही प्रार्थना ज्या भाषेत घरी रागावता, रडता, तिच्यातच करा. शुद्ध शब्दांच्या नादात मनातलं आतच राहतं.

घोळ होतो तो शेवटच्या टप्प्यात. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा १३वा अध्याय सावकाश वाचा. इस्राएलाचा राजा शौल शमुवेल संदेष्ट्याने सांगितल्याप्रमाणे गिलगालात ठरलेले सात दिवस थांबला. शमुवेल आला नाही, माणसं पांगू लागली, शत्रू पलिष्टी मिखमाशात जमले. शमुवेलाने येऊन करायचं होमार्पण शौलाने स्वतःच केलं, आणि ते संपतं न संपतं तोच शमुवेल येऊन पोहोचला. जाब विचारल्यावर शौलाने दिलेली तिन्ही कारणं खरी होती. उतावीळपणाकडे कारणं बहुधा खरीच असतात, म्हणून तो ओळखू येत नाही. अब्राहामाचंही तेच. देवाने संततीचं वचन दिलं होतं, पण कनानात दहा वर्षं काढल्यावर बायकोची दासी हागार हिच्याकडून मूल मिळवण्याचा मार्ग काढला. इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. वचनाचा मुलगा इसहाक मात्र शंभरीत झाला.

यावर उपाय म्हणून एक नियम आधीच ठरवून ठेवा: मोठा निर्णय रात्री घ्यायचा नाही, आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका जाणत्या माणसाला सांगितल्याशिवाय तर नाहीच. निकालाची साइट दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी बघा. ‘४० दिवस उपास करतो, मग नोकरी दे’ असा सौदा करू नका; उत्तर आलं नाही की त्यात नोकरीपेक्षा विश्वासच आधी जातो.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला शेतकरी आगोटीचा (पहिला) आणि वळवाचा (शेवटचा) असे दोन्ही पाऊस येईपर्यंत धीर धरतो. माळव्यात पहिली सर पडताच सोयाबीन टाकलं आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीची पाळी येते. म्हणून साधारण १०० मिलीमीटर पाऊस होऊ द्या, असं सांगतात. तोवर शेतकरी बियाण्याची उगवण तपासतो, बांध नीट करतो.

घरात दुसरं कुणी वाट पाहत असेल तर ‘देवाची वेळ यायची असेल’ हे वाक्य गिळा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस न बोलता जमिनीवर त्याच्याजवळ बसले, तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. डबा न्या, दवाखान्याच्या रांगेत त्याच्या जागी उभे राहा, आणि निकाल कधी लागणार हे त्याला रोज विचारू नका.